दोन नांगर

आमच्यासारख्या घरांत पूर्वजांचा शोध हौसेपोटी सुरू होत नाही, तो जात पडताळणीच्या अर्जापासून सुरू होतो. पुतणीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश तोंडावर आला होता. इतर मागासवर्गाच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणून गावच्या मराठी शाळेतलं आजोबांच्या वेळचं जनरल रजिस्टर उघडलं गेलं. त्यात आजोबांच्या नावापुढे ‘हिंदू कुणबी’ एवढं सापडल्यावर घरातल्या सगळ्यांचं काम झालं. माझं मात्र तिथून सुरू झालं. रजिस्टरात त्यांची जन्मतारीख होती १ जून १९२९. त्या पिढीतली कितीतरी माणसं कागदोपत्री १ जूनला जन्मली आहेत. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराला घेऊन आलेल्या आईला तारीख सांगता यायची नाही, आणि गुरुजी अंदाजाने वर्ष धरून पुढे १ जून लिहून मोकळे व्हायचे. आमचे आजोबा मात्र शिमग्यात जन्मले, पालखी वाडीत आली होती त्या दिवसांत, असं आत्याआजी ठामपणे सांगते. आत्याआजी म्हणजे आजोबांची सगळ्यांत धाकटी बहीण. आणखी एक गोष्ट ती सांगते. लहानपणी आजोबांना वाडीत ‘संपाचं पोर’ म्हणायचे.

संप कुठला, हे तिला सांगता येत नाही. “आमचा बापूस मुंबयला गिरणीत व्हता. त्या साली संप झाला नि तो पावसात घरी व्हता. पावसात कंदी नसायचा तो घरी. आवस सांगायची.”

तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जन्म-मृत्यूची जुनी गावरजिस्टरं असतात, गाव नमुना नंबर १४. पोलीस पाटील नोंद करायचा, महिन्याची पत्रकं वर जायची. आमच्या गावची त्या काळातली पानं मोडीत आहेत. मी मोडी शिकले ती याच कामासाठी, आणि अजूनही घाईत लिहिलेल्या ओळीपाशी बराच वेळ अडते. १९२९ च्या मार्चमध्ये आमच्या वाडीतलं एक मुलगा जन्मल्याचं टिपण मिळालं. बापाचं नाव पणजोबांचं. मार्च १९२९ पासून नऊ महिने मागे गेलं की जून १९२८ येतो.

१९२८ च्या एप्रिलअखेर मुंबईच्या जवळजवळ सगळ्या कापडगिरण्या बंद पडल्या आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत बंद राहिल्या. दीड लाखाच्या घरात कामगार सहा महिने बाहेर होते. मालकांना कमी माणसांत जास्त काम हवं होतं. दोन साचे चालवणाऱ्या माणसाने तीन चालवायचे, अशी ती योजना होती. संप लांबणार हे दिसताच कोकणातले कामगार बोटी बंद व्हायच्या आत गावी परतले. ती लढाई इतके महिने टिकली याचं एक कारण हेच होतं, की या माणसांच्या पाठीशी गावची चूल होती. पावसाळ्यात दाभोळची आगबोट बंद असायची. चिपळूणहून गोवळकोटला यायचं, तिथून पडावाने वाशिष्ठीच्या खाडीतून दाभोळ, आणि दाभोळहून बोटीने मुंबई, हा आमच्या भागाचा रस्ता. मे महिन्यात एकदा गावी पोचलेला माणूस भाद्रपदापर्यंत गावातच. एरवी पणजोबा शिमग्याला किंवा गणपतीला चार दिवस येत. त्या एका वर्षी त्यांनी उखळणी केली, लावणी केली, बेणणी केली. आणि पुढच्या शिमग्यात आजोबा झाले. गुरुजींचं रजिस्टर चुकलं होतं आणि घरातल्या बायकांची आठवण बरोबर होती.

यानंतर मला पणजोबांचं सगळंच आयुष्य हवंसं झालं. हा माणूस कोणी पुढारी नव्हता. त्याचा फोटो नाही. आपल्याकडे जनगणना १८७२ पासून होत आली, पण घरोघर भरलेली पत्रकं जपली गेली नाहीत. आकडे राहिले, नावं गेली. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावं असतात, पण तिथवर जायला गाठीला पैसा लागतो. आमच्यातलं कोणी त्या काळात गेलं नाही. अशा माणसाचं नाव कागदावर चढतं ते कोणाला तरी त्याच्याकडून काही घ्यायचं असतं तेव्हा: खोताला फाळा घ्यायचा असतो, सरकारला सारा, सावकाराला व्याज. त्यामुळे मिळेल त्या प्रत्येक कागदाला मी आधी हेच विचारू लागले, की हा लिहिला कोणी आणि कोणाच्या फायद्यासाठी.

घरात पणजोबांबद्दल दोन गोष्टी चालत आलेल्या होत्या. एक, ते धाकट्या भावाशी भांडून मुंबईला पळून गेले. दुसरी, त्या भावाने मागाहून त्यांची जमीन खाल्ली. या दुसऱ्या गोष्टीमुळे आमचं आणि चुलत घराचं जाणंयेणं बंद होतं. एकाच वाडीत, मधे एक गडगा, आणि दोन्ही घरांत एकमेकांच्या लग्नाची अक्षत नाही. मी लहानपणी मे महिन्यात गावी जायची तेव्हा त्या गडग्यापलीकडच्या मुलांशी खेळायचं नाही हे मला कोणी सांगावंही लागलं नव्हतं.

पहिल्या गोष्टीचा उलगडा मृत्यूच्या नोंदींत झाला. १९१८ सालच्या सप्टेंबरपर्यंत आमच्या गावच्या रजिस्टरात महिन्याला दोन-चार मृत्यू दिसतात. कारणाच्या रकान्यात ताप, पटकी, देवी, कधी म्हातारपण. ऑक्टोबरात पान पुरत नाही. ओळीमागून ओळ एकच कारण, ताप. एका घरातली नावं लागोपाठ येतात, कधी एकाच तारखेला. ही इन्फ्लुएंझाची दुसरी लाट. जूनमध्ये मुंबईच्या बंदरातून पहिली साथ शिरली होती, ती सौम्य होती. पावसाळा सरताना आलेली मात्र तरण्याताठ्यांना घेऊन गेली. देशभरात एक कोटीहून अधिक माणसं मेली असं मानतात, आणि १९२१ च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या १९११ पेक्षा किंचित कमी भरली ती यामुळेच. त्यात त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. आमच्या वाडीच्या त्या ओळींत पणजोबांचे आई-वडील आहेत, एका आठवड्याच्या आत दोघेही. नोंद करणाऱ्याचं अक्षर त्या पानांवर बदललं आहे. आधीचा लिहिणारा कुठे गेला, ते मी शोधायचं टाळलं.

तेव्हा पणजोबा विशीचे, भाऊ त्याहून लहान. पुढचा कागद मिळाला तो खोतांच्या दप्तरात.

रत्नागिरी जिल्ह्यातली बहुतेक गावं खोती. खोत सरकारला गावचा सारा भरायचा आणि कुळांकडून फाळा वसूल करायचा. भाताच्या खाचरात पिकाचा अर्धा वाटा, वरकसावर नाचणी-वरीचा तिसरा. कुळं अर्धेली, तिर्धेली म्हणून ओळखली जायची ती यावरून. शिवाय वेठ: खोताच्या शेतात नांगर घेऊन फुकट राबायचं, त्याच्या घरी गवताचा भारा आणि लाकडाची मोळी टाकायची. १८८० च्या खोती कायद्याने यातलं काय रास्त नि काय नाही याची मोजदाद केली. पण कायदा जिल्ह्याच्या गावी होता आणि खोत वाडीत. आमच्या गावच्या खोत घराण्यातले आजचे वंशज पुण्यात असतात. मी भीतभीत पत्र लिहिलं, आणि त्यांनी सुट्टी काढून गावचं बंद घर उघडलं, माळ्यावरून दप्तर खाली काढून माझ्यापुढे ठेवलं. त्यांच्या पणजोबांनी माझ्या पणजोबांकडून जे घेतलं त्याचा कागद त्यांनी स्वतःच्या हातांनी उलगडून दिला, हे मी कधी विसरणार नाही.

कागद १९१९ च्या वैशाखातला आहे. मागल्या सालची बाकी, भात इतके मण, नाचणी इतकी, कूळ मयत, सबब त्याचे दोन मुलगे ही बाकी देण्यास बांधील असून येत्या तीन सालांत ती फेडतील, आणि जमीन दोघांनी मिळून पूर्ववत करावी, असा मजकूर आहे. खाली दोघांची नावं आणि प्रत्येक नावापुढे निशाणी. शेतकऱ्याची निशाणी नांगर. लिहिणाऱ्याने नाव लिहायचं आणि ज्याचं नाव त्याने लेखणी हातात घेऊन पुढे नांगर काढायचा, अशी रीत होती. पणजोबांच्या नांगराचा इसाड लांब आणि जरा वाकडा गेलाय. भावाचा नांगर लहान, घट्ट दाबून काढलेला, शाई पाठीमागे उतरली आहे.

पणजोबांच्या हातचा पहिला कागद हाच. त्याच सालच्या पावसाळ्यानंतर ते मुंबईत आहेत. भांडण कशाचं असणार! बाकी फेडायला घरातून एकाने जायचं होतं आणि थोरला गेला, धाकट्याने नांगर धरला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या हजारो घरांनी त्या काळात हाच हिशेब मांडला. मुंबईच्या गिरण्यांना सर्वांत जास्त हात या जिल्ह्याने दिले. गिरण्यांनी त्या हातांना पोटापुरतंच दिलं, आणि त्या पोटापुरत्यातूनही मनीऑर्डरी निघत राहिल्या.

मुंबईतले पणजोबा शोधणं सर्वांत अवघड. गिरणीत तिकीट नंबर असायचा, मस्टर असायचं, पण १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि त्यांच्याबरोबर कागदही गेले. पणजोबांची गिरणी परळला होती, एवढंच आत्याआजीला माहीत आहे. तिथे आता काचेचे मनोरे आहेत. मी त्या रस्त्याने उगीच दोनदा चालून आले.

सापडले ते दुसरीकडेच. गिरणगावात आमच्यासारख्या प्रत्येक गावाचं एक ग्रामस्थ मंडळ असायचं आणि मंडळाची एक खोली. एका खोलीत वीस-तीस माणसं राहायची, पाळ्यांप्रमाणे झोपायची, जेवायला खानावळीत जायची. खोलीत एक पेटी, पेटीत भजनाचे टाळ आणि मंडळाच्या हिशेबाची वही. आमच्या गावची खोली लालबागला अजून आहे. तिथल्या एका वयस्कर काकांनी जुन्या वह्या गोधडीत बांधून जपल्या होत्या. पुनर्विकासात चाळ जाणार म्हणून त्या गावी न्यायच्या बेतात होते.

आतापर्यंतचे सगळे कागद वसूल करणाऱ्यांनी लिहिलेले होते. या वह्या देणाऱ्यांनीच लिहिल्या आहेत. महिन्याची वर्गणी, चार आणे. गावच्या देवळाच्या कौलांसाठी. अमुक आजारी, गावी पाठवणे, बोटीचं भाडं. अमुक मयत, लाकडं व विधी. कोणी बेकार आहे म्हणून त्या महिन्याची वर्गणी माफ. १९२८ चे सहा महिने वही कोरी आहे आणि ऑक्टोबरात पुन्हा सुरू होते, शाईसुद्धा नवी. पहिल्या वर्षांत पणजोबांच्या नावापुढे तोच लांब इसाडाचा नांगर आहे. मग एका पानावर नांगराच्या जागी नाव आलं. मोठी, एकमेकांपासून लांब उभी असलेली बाळबोध अक्षरं, शेवटच्या अक्षराच्या वर जागा न पुरल्याने डोक्यावरची रेघ खाली वाकलेली. खोलीतली दोघं-तिघं रात्रशाळेत जात असा उल्लेख त्याच वर्षीच्या खर्चात आहे, पाटी आणि घासलेटासाठी. दहा-दहा तास मशीनच्या आवाजात उभा राहून आलेला तिशीतला माणूस रात्री कंदिलाशी बसून स्वतःचं नाव काढायला शिकला. माझ्या घरात आज जी काही पुस्तकं आहेत त्यांचं मूळ मला त्या पानावर दिसतं, आणि हे सांगताना मला जराही अतिशयोक्ती वाटत नाही.

पुढे काही वर्षांनी वर्गणी घेणारा म्हणून तेच सही करताना दिसतात. १९३८ च्या जानेवारीत एक खर्च आहे: कौन्सिल हॉलवरच्या मोर्चासाठी गावाहून आलेल्या मंडळींचं जेवण. डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं होतं. ते पुढे सरकेना म्हणून कोकणातले शेतकरी आणि मुंबईतले कामगार मिळून चालत गेले. त्या दिवशी पणजोबांबरोबर त्यांचा धाकटा भाऊही होता. जेवणाच्या यादीत त्याचं नाव आहे. विधेयक मंजूर झालं नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने, स्वातंत्र्यानंतर.

पणजोबा १९५४ मध्ये मुंबईतच गेले. मंडळाच्या मयत फंडातली रक्कम गावाहून आलेल्या भावाच्या हाती दिली, अशी नोंद आहे, आणि पुढे त्याचा अंगठा. तोवर नांगर काढायची रीत गेली होती.

आता जमिनीची गोष्ट. कूळकायदा १९४८ चा, पण कसणारा मालक व्हायचा दिवस ठरला १ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो कायद्याने खरेदीदार. मग शेतजमीन न्यायाधिकरणाने ३२ ग कलमाखाली चौकशी करायची, किंमत ठरवायची आणि नाव लावायचं. कोकणात हजारो एकर खोतांच्या नावावरून कुळांच्या नावावर आली ती अशी. माझ्या मते आपल्या राज्याने केलेल्या मोठ्या कामांपैकी हे एक आहे. पण कुळाचं नाव म्हणजे बहुतेक वेळा घरातल्या एकाचं नाव. भाऊ चार असले, दोन मुंबईला असले, तरी कागदावर गावात राहणारा एकच चढायचा. जमीन सामायिक, नाव एकट्याचं. आज रत्नागिरीच्या कोर्टांत भाऊबंदांचे जे दावे चालतात त्यांतल्या अनेकांचं मूळ शोधत गेलात तर ३२ ग च्या एखाद्या निकालाशी जाऊन थांबता.

आमचा निकाल १९६१ चा. आमच्या घराने त्यातला फेरफार तेवढा पाहिला होता, त्यात धाकट्या भावाचं एकट्याचं नाव. मूळ प्रकरण कोणी मागितलंच नव्हतं. मी नकलेचा अर्ज केला. फाईल निघाली, कडा वाळवीने खाल्लेली, पण आतली पानं शाबूत. निकालाच्या मागे भावाचा जबाब जोडलेला आहे. त्यात त्यांनी सांगितलंय की जमीन वडिलांपासून आपण दोघे भाऊ मिळून करत आलो. थोरला भाऊ गिरणीत होता, खंडाचे पैसे तो पाठवायचा. तो मयत झाला असून त्याचा मुलगा आता गिरणीत आहे, निम्मा हिस्सा त्याचा. एवढं स्वच्छ. खाली डाव्या हाताचा अंगठा. आणि पान उलटलं की निकाल: प्रत्यक्ष कसणारा इसम हाच, सबब नाव याचं.

अधिकाऱ्याने जबाब वाचला असेलही. कायद्याला कसणारा हवा होता आणि तो समोर उभा होता. ज्याने जबाब दिला त्याला निकाल वाचता येत नव्हता. दोन्ही नावं लागली असंच तो समजून चालला असेल, निदान काही वर्षं तरी. आमच्या घरात वाचता येणारे आजोबा होते, पण ते मुंबईला, आणि त्यांना कोणी जबाब दाखवला नाही.

नक्कल घेऊन मी आधी गडग्यापलीकडे गेले. चुलत काका पडवीत बसले होते. मी जबाब वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला, मग आत जाऊन काकीला बोलावून आणलं आणि तिच्यासाठी तिसऱ्यांदा. मग म्हणाले, “आमचा आजा मरेपर्यंत दर साली झोडणी झाली की निम्मं भात तुमच्याकडं पाठवायचा. तुमची पणजी ते परत करायची. आम्हाला वाटायचं, तुम्हाला मुंबईचा पैसा, आमचं भात कशाला लागतंय.”

हे आमच्या घरात मी कधी ऐकलं नव्हतं. संध्याकाळी आत्याआजीला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. जबाब तिने ऐकला, भावकीची ती जुनी गोष्ट तिनेच मला किती वेळा सांगितली होती, तीही तिला आठवली असणार. बराच वेळ ती बोलली नाही.

“भात यायचा,” ती म्हणाली. “आवस म्हणायची, चोराचा भात नको आपल्याला. परत नेऊन कोण टाकायचं त्यांच्या खळ्यात? मीच टाकायची. चौदा वर्षांची व्हते मी.”